पेला पडायच्या आधी

आमचे नवनगरचे घरमालक कुणाच्याही घरात शिरले की नमस्काराच्या आधी टाळी वाजवायचे. एकच, खणखणीत. मग मान वाकडी करून डोळे मिटायचे आणि छताकडून निरोप यायचा असल्यासारखे उभे राहायचे. निरोप आला की जाहीर करायचे, "घुमतंय." न घुमणारी खोली त्यांना जन्मात भेटली नसावी, कारण दुसरा कुठलाही निकाल मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

आम्ही घर बघायला गेलो तेव्हाही तेच. आमचे हे तारिहाळच्या एका कारखान्यात, मी हुबळीला कन्नड शाळेत गणित शिकवते, बरोबर माझे सासरे. नोकरी काय, जात काय, अंडी खाता का, या सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेले होते मी. ह्या गृहस्थांनी रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली आणि विचारलं, "सोफा कापडी का लाकडी?" आमच्याकडे सोफाच नव्हता, एक लाकडी दिवाण होता. तो ऐकून त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं घर गेलं हातचं. मग त्यांचं लक्ष माझ्या सासऱ्यांकडे गेलं. अप्पा धारवाडच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. "मास्तर धारवाडचे होय? मग हरकत नाही," म्हणाले. "धारवाडला कान आहेत हो. हुबळीला नुसते हात, गल्ला मोजायला." मी हुबळीची माहेरवाशीण, तिथेच उभी होते. पण घर हवेशीर होतं, शाळेची बस दारातून जायची. गिळलं मी.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. तोंडावर मीही म्हणायची. स्वयंपाकघरात मात्र मी त्यांचं नाव 'कान' ठेवलं होतं. "बघा, कान आले," असं म्हटलं की आमचे हे हसू दाबत बाहेर जायचे. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. बायको बेंगळूरला मुलाकडे असायची, आणि ती तिकडेच का असायची हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

त्या टाळीची मजल कुठवर जावी? आमच्या मागच्या गल्लीत एक आजोबा वारले. दहाव्याच्या आतच आम्ही भेटायला गेलो. आजी भिंतीला टेकून बसलेल्या, चारचौघं गप्प. आणि दारात उभं राहून या माणसाने टाळी वाजवली! आजी दचकून वर बघायला लागल्या, त्यांना वाटलं कुणी हाक मारली. अण्णांनी मान वाकडी केली, डोळे मिटले. "कॉट काढली वाटतं," म्हणाले, "घुमतंय." मी लाजेने अर्धी झाले. जनाची नाही तर मनाची तरी? पण लाज वाटायला समोर माणूस दिसावा लागतो. त्यांना भिंती दिसायच्या.

आता मुद्द्याचं सांगते. अप्पांचा उजवा कान पूर्ण गेला होता आणि डावा जेमतेम होता. कानाचं यंत्र आणलं, तर ते चार दिवस घालून अप्पांनी कपाटात ठेवलं. "कुकरसारखं शिट्ट्या मारतंय गं," म्हणाले. ज्यांनी उभा जन्म वर्गाला गोष्टी वाचून दाखवल्या, मागच्या बाकावरची कुजबुज ज्यांना फळ्याकडे तोंड असताना ऐकू यायची, ते माझे अप्पा टीव्हीसमोर बसून आमच्या तोंडांकडे बघायचे. आम्ही हसलो की मग हसायचे. जरा उशिरा. तो उशीर मला बघवत नसे. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं, मग बोलणं कमी केलं. घरात असून घरात नसलेला माणूस. त्यांना परत आमच्यात आणायचं होतं, दुसरं काही नको होतं मला.

म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज चढवायचो, आणि त्यावरूनच हे कान पहिल्यांदा खाली आले. मी म्हटलं, आता आवाज कमी करा म्हणून भांडणार.

"आवाज मोठा आहे म्हणून आलो नाही अक्का," ते म्हणाले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस मला अक्का म्हणायचा. "आवाज वाईट आहे. टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला असतात. मास्तरांना ऐकू येत नाही, भिंतीला येतंय."

एवढं मात्र खरं होतं, आणि तिथेच आम्ही फसलो. आमच्या ह्यांना दिवाळीचा बोनस मिळायचा होता, आणि सणाच्या सेलमध्ये टीव्हीखाली ठेवायचा तो लांबट साउंडबार घ्यायचं आमचं ठरलेलं होतं. एक वायर जोडायची, झालं. अण्णांनी ते ऐकलं आणि कुणी शिवी दिल्यासारखे उभे राहिले.

"दांडकं? मास्तरांना दांडक्यातनं ऐकवणार? अहो, तेवढ्याच पैशात मी तुम्हाला थेटर उभं करून देतो की!"

झालं. आमचे हे तसे शहाणे, पण 'तेवढ्याच पैशात' हे शब्द ऐकले की त्यांचं शहाणपण चरायला जातं. पुढचे कितीतरी रविवार हे दोघं स्कूटरवरून हुबळी पालथी घालत होते. कुणाचा तरी जुना अँप्लिफायर आणला. कुठल्या तरी बंद पडलेल्या केबलवाल्याचे दोन मोठे स्पीकर आले. मागे लावायचे दोन बारके दुसरीकडून आले. मधला, ज्यातून माणसांचं बोलणं येतं तो सेंटर स्पीकर, त्याचा खोका धारवाडला सुभाष रोडच्या मागे एका सुताराकडून करवून घेतला. ढुम्म करणारा सबवूफर आला तेव्हा माझ्या धान्याच्या डब्याची जागा गेली. स्वस्तात पडलं, नाही म्हणत नाही मी. पण आयतं दांडकं बरं होतं असं म्हणायची सोय मला उरली नाही.

मग नियम सुरू झाले. ऐकताना पंखा बंद, त्याचा घरघराट येतो. हुबळीचा एप्रिल आणि पंखा बंद! फ्रिज बंद, तो गुणगुणतो. मिक्सरचं नावच नको. कुकर लावायचा तर शिट्टी व्हायच्या आत उतरवायचा, असं मला एका पुरुषाने, ज्याने आयुष्यात डाळ शिजवली नाही, तोंड वर करून सांगितलं. अँप्लिफायरच्या बटणांवर त्यांनी चिकटपट्टी लावली. "हात लावू नका. बोलणं मी मागं ठेवलंय. वातावरण पुढं पाहिजे."

"अहो, पण अप्पांना बोलणंच तर ऐकायचंय," मी म्हटलं.

"अक्का, बोलणं काय, कुणीही ऐकतं."

आणि मग त्यांना ती कौदी दिसली. अळणावरकडच्या बायका जुन्या लुगड्यांची ठिगळं जोडून जाड गोधडी शिवतात, तिला आमच्याकडे कौदी म्हणतात. ही माझ्या सासूबाईंनी शिवलेली होती. त्या गेल्यापासून अप्पा ती दिवाणावर अंथरून बसायचे, तिच्या कडेचा दोरा बोटाने चाचपत. अण्णांनी तिच्यावर दोन चापट्या मारून पाहिल्या. "हे बघा! असली चीज बाजारात मिळत नाही. आवाज पिऊन टाकते," म्हणाले, आणि ती मागच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकायला निघाले.

"ती अप्पांची आहे," मी आडवी झाले.

अप्पांना आमच्या तोंडांवरून विषय कळला. "असू दे गं," ते म्हणाले. "कामाला येत्येय ना. तिलाही कामाची सवय होती." आणि सासूबाईंची कौदी भिंतीवर गेली.

आता खुर्चीचं ऐका. अण्णांच्या हिशोबाने त्या हॉलमध्ये नीट ऐकू येईल अशी एकच जागा होती. तिथे त्यांनी आमची वेताची खुर्ची ठेवली आणि पायांभोवती फरशीवर खडूने खुणा केल्या. ही मास्तरांची जागा, असं ठरलं. पहिल्या दिवशी अप्पा नवा सदरा घालून त्या खुर्चीत बसले. आमच्या ह्यांनी फोटो काढला. तेवढ्यात अण्णा जिन्यावरून आले, आणि अप्पा खुर्चीतून उठले.

दुसरं काय करणार? आयुष्यभर आलेल्या माणसाला चांगली जागा देत आलेला माणूस तो. "बर्री अण्णा, या, बसा बसा." कुठलाही रीतीचा माणूस दोनदा 'नको, नको' म्हणतो, तिसऱ्यांदा दिवाणाच्या कोपऱ्यावर टेकतो. आमच्याकडे असंच चालतं, म्हणून तर बोलावणारा बिनधास्त बोलावतो. या महाशयांनी एकदाही नको म्हटलं नाही. बसले. दुसऱ्या दिवशी बसले. रोज संध्याकाळी टाळी, घुमतंय, अप्पा उभे, हे खुर्चीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी रोज चहा देऊन पाळला. अप्पा दिवाणावर, उजवा मेलेला कान टीव्हीकडे करून.

आणि ऐकवायचे तरी काय? सिनेमा नव्हे. सिनेमा त्या घरात कधी लागलाच नाही. खिशात एक पेन ड्राइव्ह असायचा, त्यात तुकडे. एकात पत्र्यावरचा पाऊस, एकात आगगाडी, आणि त्यांचा लाडका तुकडा एका कन्नड सिनेमातला. एक म्हातारी बाई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी आहे. हातात पितळी पेला. पेला पडतो, आणि गडगडत डावीकडून उजवीकडे, पार मागच्या भिंतीपर्यंत जातो. तो पडायच्या अगदी आधी अण्णा बोट वर करायचे आणि ओरडायचे, "आता ऐका! आता ऐका!" मग ठण्ण. मग गडगडाट. "कुठून कुठं गेला बघितलंत? कौदीपर्यंत गेला!" की पुन्हा मागे घेऊन, पुन्हा तेच. घरातले पेले मी आपटले असते तर फुकटात झालं असतं.

एकदा अप्पांनी त्यांना विचारलं, "अण्णा, त्या बाईच्या हातातनं पेला पडतो का?"

"पडतो की मास्तर! हे काय, आता पडेल."

"नाही, का पडतो? काय झालं तिला?"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही शिक्षक वर्गातल्या एखाद्या ढ मुलाच्या पालकांकडे बघतो. "गोष्टीशी काय करायचंय आपल्याला? पेला ऐका." सिनेमाचं नाव विचारलं, तर तेही त्यांना ठाऊक नव्हतं. अप्पा नुसते हसले. त्यानंतर त्यांनी त्या सिस्टीमबद्दल काही विचारलं नाही, आणि थोड्या दिवसांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं. संध्याकाळी टाळी वाजली की ते उठून मागच्या पायरीवर जाऊन बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "तिथं वारा लागतो." त्यांच्यासाठी आणलेल्या आवाजाने त्यांनाच घराबाहेर काढलं होतं. मी भाकऱ्या थापत होते, आणि खरं सांगते, मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमचे हे जादा पाळीसाठी कामावर होते. मी पदर खोचला आणि वर गेले. म्हटलं, घर सोडावं लागलं तरी चालेल, पण या माणसाला आज सुनावतेच. त्यांच्या घरात आजवर आम्ही कुणी गेलो नव्हतो. भाडं फोनवरून जायचं, बोलणं सगळं आमच्याच खुर्चीतून व्हायचं. पण "माझ्या वरच्या हॉलमध्ये" हे शब्द रोज कानावर यायचे, त्यामुळे वर केवढं तरी मोठं थेटर असणार असं आम्ही धरून चाललो होतो. त्या थेटरला आमचे हे तर हात जोडायचे बाकी होते.

दार उघडंच होतं. हॉल रिकामा. एक प्लास्टिकची खुर्ची, आणि फरशीवर खडूच्या खुणा. पुढे दोन चौकोन, मध्ये एक, मागे दोन. प्रत्येकात इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. स्पीकर एक नाही. वायर नाही. टीव्हीसुद्धा नाही.

"सिस्टीम कुठाय अण्णा?" मी सुनावायला आलेली, तेच विचारून बसले.

"खोली तयार नाही अक्का अजून," ते म्हणाले. "आधी खोली, मग मशीन. आजकाल येणारं सगळं ऐकतो मी दुकानात जाऊन. पण नाही. एकही त्या लायकीचं नाही."

"कधीपासून?"

"घर बांधल्यापासून." घर बांधताना लावलेला नारळ आता गच्चीच्या वर गेला होता, खिडकीतून त्याचं खोड तेवढं दिसत होतं. खुणा मात्र ताज्या होत्या. फरशी पुसल्यावर हा माणूस दर वेळी त्या पुन्हा काढत असणार.

आमचे हे म्हणतात, तुला दया यायला हवी होती. मला नाही आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि त्यासाठी आम्ही उन्हाळाभर पंखा बंद ठेवून घाम पुसला! ज्याने स्वतःच्या घरात एक शिट्टी विकत आणली नाही, त्याच्या शब्दावर मी म्हाताऱ्या माणसाच्या अंगाखालची कौदी काढू दिली. मी त्यांना एक शब्द बोलले नाही. बोलायला समोर होतंच काय? घरमालकाची भीती मात्र गेली ती कायमची.

दुसऱ्या दिवशी शाळेत स्टाफरूममध्ये मी तो प्रसंग सांगितला, पाठमोरी म्हातारी, पितळी पेला. कन्नड शिकवणाऱ्या बाईंनी लगेच सिनेमाचं नाव सांगितलं. गोष्टही सांगायला लागल्या, तर मी त्यांना थांबवलं. "राहू द्या, आम्हाला बघायचाय."

संध्याकाळी घरी आले आणि पंखा लावला. फ्रिज लावला. बटणांवरची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली आणि बोलण्याचा आवाज पुढे आणला. भिंतीवरचे खिळे उपटून कौदी झटकली आणि घडी करून दिवाणावर ठेवली. मग तो मधला स्पीकर, माणसांच्या बोलण्याचा, टीव्हीखालून उचलला, आणि वायर ओढत आणून कौदीच्या घडीवर ठेवला, बरोबर अप्पांच्या डाव्या कानाशी. शास्त्र गेलं चुलीत. अप्पांना पायरीवरून हाताला धरून आणलं. "अप्पा, तुमचा पेल्याचा सिनेमा."

सुरुवातीला ते माझ्याच तोंडाकडे बघत होते, सवयीने. मग एका भाजीवालीने कुणाला तरी इरसाल कन्नडमध्ये झापलं, आणि अप्पा हसले. मी तेव्हा शेंगा निवडत होते, हसले नव्हते. ते माझ्या आधी हसले! मी मान खाली घालून शेंगा निवडत राहिले, कारण डोळ्यातलं पाणी त्यांना दिसलं असतं तर त्यांनी 'काय झालं' विचारलं असतं, आणि मला सिनेमा थांबवायचा नव्हता.

अर्ध्याच्या वर सिनेमा झाला होता तेव्हा दारात टाळी वाजली.

"घुम..." एवढं म्हणून अण्णा थांबले. पंखा बघितला. उघडी भिंत बघितली. मग दिवाणावर, कौदीवर, उशीसारखा ठेवलेला स्पीकर बघितला. "अक्का! हे काय केलंत? सेंटर दिवाणावर? सगळं वाटोळं केलंत की हो!"

अप्पा उठले नाहीत. 'बर्री' म्हणाले नाहीत. त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. अण्णा थोडा वेळ वाट बघत उभे राहिले, मग आपले आपणच त्या खुर्चीत जाऊन बसले, आणि समोर बघतात तो पाठमोरी म्हातारी, हातात पितळी पेला. लगेच पाठ ताठ झाली. बोट वर गेलं.

"आता ऐ..."

"श्श!" अप्पांनी हात उगारला, मागच्या बाकावर कुजबुज झाली की उगारत असतील तसा. "गप बसा हो! मला ऐकू येईना."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. बहिऱ्या माणसाने कानाला गप्प केलं. आणि त्या गप्पपणात, म्हातारीच्या मागून, दाराकडून, कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "अव्वा, ना बंदीनी." आई, मी आलोय.

मग पेला पडला. गडगडत कुठून कुठे गेला ते कुणी बघितलं नाही. अप्पा कौदीवर हात ठेवून मागे वळलेल्या म्हातारीच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती म्हातारी का रडत्येय, हे मला त्यांना सांगावं लागलं नव्हतं.

अण्णा खुर्चीच्या कडेवर आले होते. बोट अजून वरच. हा तुकडा त्यांनी आमच्याकडे किती वेळा लावला असेल आणि आमच्या आधी किती घरांतून लावत आले असतील, देव जाणे. ते माझ्याकडे वळले, मग अप्पांकडे.

"इथं कोण बोलतं होय, मास्तर?"

अप्पांनी डोळे पुसले.

"बोलतो की," ते म्हणाले. "रोजच बोलत होता. आज तुम्ही गप्प बसलात म्हणून ऐकू आला."